भुंग्याची साक्ष

चुलतभावाला दुसरी मुलगी झाली आणि बारशासाठी चेन्नईला जाणं झालं. सख्खी आत्या परदेशात, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान या वेळी माझ्याकडे आला होता. दादा-वहिनी राहतात वेलचेरीला. एका अंगाला गिंडीचं जंगल आणि आयआयटी, दुसऱ्या अंगाला पळ्ळिकरणैची दलदल आणि मधे हे उपनगर. एके काळी इथे तळी आणि शेतं होती. आता उंच इमारती आहेत, मॉल आहे आणि २००७ सालापासून लोकलचं स्टेशनही आहे. हवा मात्र पूर्वीचीच, समुद्राकाठची. मीठ पाघळतं, पापड मऊ पडतात आणि कडधान्याच्या डब्यावर महिनाभर नजर गेली नाही, तर त्याचं काही खरं नसतं.

बारसं म्हटलं की घुगऱ्या आल्याच. काकू बाळंतपणासाठी दोन महिने आधीच साताऱ्याहून येऊन राहिली होती. येताना घरचे हरभरेही घेऊन आली होती. आदल्या संध्याकाळी भिजत घालायला म्हणून तिने डबा उघडला, तर आत भुंगेच भुंगे! दाण्यादाण्याला टाचणीने कोरल्यासारखं गोल भोक.

काकूचा चेहरा उतरला. ‘‘घरचे हरभरे गं, कधी कीड लागली नव्हती,’’ ती म्हणाली. मग वहिनीकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने पुढे म्हणाली, ‘‘या घरात मनासारखं काही व्हायचंच नाही बहुतेक. हिच्या आईलाही चारी मुलीच. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?’’

वहिनी काही बोलली नाही. ताटात हरभरे पसरून चांगले दाणे निवडत राहिली. बाळंत होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तिला.

खरं सांगायचं तर अशा वेळी काय बोलावं ते मलाही सुचत नाही. वडीलधाऱ्या माणसाला उलट उत्तर द्यायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. पण ताटाच्या कडेने एक भुंगा तुरुतुरु निघाला होता, तो मी वाटीखाली धरला आणि म्हटलं, ‘‘काकू, तू जे बोललीस ना, त्याचा निकाल या भुंग्याच्या भाऊबंदांनी कधीच लावलाय. शंभर वर्षांहून जास्त झाली त्याला.’’

‘‘भुंग्यांनी?’’ काकू म्हणाली. वहिनीनेही मान वर केली.

तर वाचकहो, त्या संध्याकाळी हरभरे निवडता निवडता जे बोलणं झालं, तेच आज तुमच्यापुढे मांडते आहे. कारण ही अशी वाक्यं फक्त वेलचेरीच्या एका स्वयंपाकघरात बोलली जातात असं थोडंच आहे!

आधी या भुंग्याची ओळख करून घेऊ. पानं खाऊन जगणाऱ्या भुंगेऱ्यांचं एक अफाट मोठं घराणं आहे. जगभरात त्याच्या पस्तीस हजारांहून अधिक जाती आहेत. परसातल्या भोपळ्याच्या, काकडीच्या वेलावर तांबडे भुंगेरे येऊन पानांची चाळण करतात, ते याच घराण्यातले. गाजरगवत खाऊन संपवावं म्हणून १९८०च्या दशकात मुद्दाम मेक्सिकोहून बंगळूरला आणलेले आणि पुढे आपल्याकडेही सोडलेले भुंगेही याच घराण्यातले. कडधान्यातल्या भुंग्याला पूर्वी वेगळं घर दिलं होतं. आता शास्त्रज्ञांनी त्यालाही याच कुळात घेतलं आहे. फक्त याने पानं सोडून बी धरलं. मादी दाण्यावर अंडं चिकटवते. तो पांढरा ठिपका नीट पाहिलात तर डोळ्यांना दिसतो. अळी तिथूनच थेट दाण्यात शिरते, आतला गर खात वाढते आणि तीन-चार आठवड्यांनी पुरा भुंगा होऊन गोल झाकण उघडल्यासारखी बाहेर पडते. आपल्याला भोक दिसतं तेव्हा मेजवानी उरकलेली असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुलगा की मुलगी हे कोण ठरवतं?

विसावं शतक उजाडलं तेव्हा जगातल्या मोठमोठ्या विद्वानांनाही याचं उत्तर माहीत नव्हतं. आईचा आहार, हवामान, आई-वडिलांचं वय अशा नाना गोष्टी सांगितल्या जात. आणि बोट बहुधा आईकडेच जाई, कारण मूल तिच्या पोटात वाढतं. तिकडच्या सासवाही काही वेगळ्या नसाव्यात.

हा गुंता सोडवला तो एका बाईने आणि एका भुंगेऱ्याने. बाईचं नाव नेटी स्टीव्हन्स. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १८६१ साली एका सुताराच्या घरी ती जन्मली. शाळेत शिकवून, ग्रंथालयात काम करून तिने पैसे साठवले आणि वयाच्या पस्तिशीत विद्यापीठात पाऊल टाकलं. १९०३ साली ती ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजातून डॉक्टरेट झाली. तिने सूक्ष्मदर्शकाखाली घेतला एक क्षुद्र प्राणी, पिठात होणारा भुंगेरा.

प्रत्येक जिवाच्या पेशीत गुणसूत्रं असतात. आई-वडिलांकडून आलेला वारसा या धाग्यांवर लिहिलेला असतो. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात, म्हणजे २३ जोड्या. या भुंगेऱ्याच्या पेशीत २०. स्टीव्हन्सने मोजून पाहिलं. मादीची वीसच्या वीस गुणसूत्रं मोठी होती. नराची एकोणीस मोठी आणि विसावं मात्र इवलंसं, ठिपक्याएवढं. पुढे तिने नराचे शुक्रजंतू पाहिले. शुक्रजंतूत प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र जातं. त्यामुळे निम्म्या शुक्रजंतूंत दहा मोठी होती आणि निम्म्यांत नऊ मोठी अधिक तो एक ठिपका. अंड्यांमध्ये असा भेदच नव्हता, सगळी सारखी.

निष्कर्ष उघड होता. दहा मोठ्यांचा शुक्रजंतू अंड्याला मिळाला तर मादी, ठिपकेवाला मिळाला तर नर. हा निबंध १९०५ साली छापून आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एडमंड विल्सन हे नामवंत संशोधकही ढेकणांच्या जातीतल्या किड्यांवरून याच दिशेने पोचले होते. पण त्या इवल्याशा गुणसूत्राचा अर्थ ठामपणे सांगितला तो स्टीव्हन्सने. मोठ्याला पुढे एक्स म्हणू लागले आणि ठिपक्याला वाय.

एका भुंगेऱ्यावर थांबली असती तर ती स्टीव्हन्स कसली! पुढच्या वर्षी तिने आणखी कितीतरी भुंगेरे तपासले आणि त्यांत पानं खाणारे बरेच होते. १९०८ साली तर काकडीच्या वेलावरच्या भुंगेऱ्यांवर तिने स्वतंत्र निबंध लिहिला. तुमच्या-आमच्या वेलावरच्या तांबड्या भुंगेऱ्यांचे ते अमेरिकेतले चुलत भाऊ. १९१२ साली, जेमतेम पन्नाशीत, स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. कॉलेजने तिच्यासाठी संशोधनाची खास जागा निर्माण केली होती, तिच्यावर ती रुजू होऊ शकली नाही.

माणसाचं वाय गुणसूत्र दिसलं ते १९२३ मध्ये. तेच पुरुषत्व ठरवतं हे १९५९ मध्ये सिद्ध झालं आणि त्याच्यावरचा नेमका तो जनुक सापडला १९९० साली, लंडनमध्ये. हिशेब मात्र तोच राहिला, भुंगेऱ्याचा. बाई दोन एक्सची, पुरुष एक्स आणि वायचा. आई प्रत्येक बाळाला एक्सच देते, तिच्याकडे दुसरं काही नसतंच. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा.

‘‘म्हणजे आड वेगळाच आहे म्हणायचा,’’ वहिनी हळूच म्हणाली. संध्याकाळभरातलं तिचं ते पहिलं वाक्य.

‘‘मग आता सगळं माझ्या मुलावर ढकला,’’ काकू फणकारली. तर तसंही नाही! कोणता शुक्रजंतू आधी पोचणार, हे बापाच्या हातात नसतं. नाणं उडवल्यासारखा प्रकार आहे तो. दर खेपेला निम्मी-निम्मी शक्यता. आधी एक मुलगी झाली असो की चार, नाण्याला मागचं काही आठवत नाही. वहिनीच्या आईच्या चार मुलींचा आणि या बाळाचा काडीचाही संबंध नाही.

पण भुंगेऱ्यांची गोष्ट इथे संपत नाही. गंमत तर पुढेच आहे.

वाय इतकं बारकं का? मूळात एक्स आणि वाय ही इतर जोड्यांसारखीच एक सारखी जोडी होती, असं शास्त्रज्ञ मानतात. कल्पना करा, घरात पाककृतींच्या दोन सारख्या वह्या आहेत. एकीतलं पान फाटलं, शाई पसरली, तरी दुसरीवरून उतरवून घेता येतं. गुणसूत्रांच्या जोड्या अशीच आपसात देवाणघेवाण करतात आणि दुरुस्त राहतात. पण एका वहीत ‘हा नर’ एवढी खूण पडली आणि ती खूण दुसरीत जाऊ नये म्हणून देवाणघेवाणच बंद झाली, तर काय होईल? एक्सची अडचण नाही, कारण माद्यांमध्ये एक्सला दुसरा एक्स भेटतो. वाय मात्र कायमचा एकटा. त्याची पानं लाखो वर्षं गळत राहतात, कुणी भरून देत नाही. शेवटी उरतो तो ठिपका.

पुष्कळ भुंगेऱ्यांत हा ठिपका एक्सशी सांधलेलाही नसतो. शुक्रजंतू तयार होताना मोठा एक्स वर छत्रीसारखा फुगलेला असतो आणि बारका वाय त्याच्याखाली लोंबकळत असतो, जणू पॅराशूटला टांगलेला सैनिक. शास्त्रज्ञांनी या जोडीला नावच पॅराशूट असं दिलं. नऊ साध्या जोड्या आणि एक पॅराशूट, अशी वीसची मांडणी भुंगेऱ्यांत इतकी सर्रास आढळते, की तीच त्यांच्या पूर्वजांची असावी असं मानतात.

पानं खाणाऱ्या घराण्याने मात्र या मूळ मांडणीची हवी तशी मोडतोड केली आहे. कुठे गुणसूत्रं तुटून वाढली, कुठे एकमेकांना चिकटून कमी झाली. या घराण्यातल्या उड्या मारणाऱ्या पिसूभुंग्यांत एका जातीत अवघी ८ गुणसूत्रं आहेत, तर दुसरीत ६४! त्यांच्यातल्याच एका गटात एक्स आणि वाय दोन्ही इतके अवाढव्य झाले आहेत, की बाकीची गुणसूत्रं त्यांच्यापुढे पोरं वाटावीत. निलो व्हिर्की या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने पोर्टो रिको बेटावर राहून यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. हे दोघे राक्षस एकमेकांना स्पर्शही न करता, लांब लांब राहून, विभागणीच्या वेळी बरोबर एकेका बाजूला जातात.

आणि काही जातींत वाय पार नाहीसाच झाला. बटाट्याच्या पिकाचा जगभर कर्दनकाळ ठरलेला कोलोरॅडो भुंगेरा घ्या. मादीची गुणसूत्रं ३६, नराची ३५. नराला वाय नाहीच, फक्त एकटा एक्स. तरी तो नर तो नरच. पिढ्या चाललेल्या आहेत, शेतं फस्त होतच आहेत!

हे काम आपल्याकडेही झालं आहे बरं का. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजातले प्रा. जे. जे. आसाना यांनी जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर भारतीय किड्यांची गुणसूत्रं तपासली होती. आठ जातींच्या भुंगेऱ्यांच्या लिंगगुणसूत्रांवरचा त्यांचा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला. पुढे कुरुक्षेत्र विद्यापीठातही पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांवर अभ्यास झाला. आणि काकूच्या डब्यातल्या भुंग्याची तर तामिळनाडूशी जुनी ओळख. १९७९ साली इथूनच, तिरुनेलवेलीच्या मुगा-उडदाच्या शेंगांतून, काही भुंगे गोळा करून अमेरिकेला नेले गेले. त्यांच्या वंशजांवर तिथल्या प्रयोगशाळांत पुढे कित्येक वर्षं प्रयोग झाले. सोपं आहे ना पाळायला! एक बाटली आणि मूठभर मूग पुरतात.

या भुंग्याच्या पेशीतही नऊ साध्या जोड्या आणि एक्स-वाय असतात. नर मादीपेक्षा लहान. का, याचा छडा स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीकडे लावला. २०२३ साली त्यांनी दाखवलं, की अंगाची वाढ सांभाळणाऱ्या एका जनुकाच्या जास्तीच्या प्रती या भुंग्याच्या वायवर येऊन बसल्या आहेत आणि त्यांच्या कमी-जास्त संख्येप्रमाणे नराचा आकार बदलतो. म्हणजे वाय हा नुसता मोडीत निघालेला ठिपका नाही. पण मिरवावा असा राजमुकुटही नाही.

माणसाचं काय? आपला वायही झिजलेलाच. तो पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत पुरता वाचून झाला तो २०२३ साली. एक्स त्याच्या दुपटीहून लांब आणि जनुकांनी कितीतरी श्रीमंत. आता एक साधा हिशेब करा. बापाचा हा भरलेला एक्स कुणाला मिळतो? मुलाला कधीच नाही, मुलाचा एक्स आईचा. बापाचा एक्स जातो तो फक्त मुलीला. बाकीच्या २२ जोड्यांत मुलगा-मुलगी दोघांचा वाटा सारखाच. तेव्हा गुणसूत्रांच्या मापाने पाहिलं, तर बापाचा वारसा मुलापेक्षा मुलीकडे कणभर जास्तच असतो. ‘वंशाचा दिवा’ म्हणून आपण ज्याच्यासाठी नवस बोलतो, तो सारा फरक त्या एका ठिपक्याचा!

हे ज्ञान बायकांना दोषातून सोडवणारं होतं. आपण त्याचं काय केलं? १९७०च्या दशकात गर्भजलातल्या पेशींची गुणसूत्रं पाहून आजार ओळखायची सोय देशात आली आणि लोक तीच वापरून दोन एक्स आहेत की नाहीत, एवढंच विचारू लागले. मग सोनोग्राफी आली. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला आणि १९८८ साली अशा चाचण्यांवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. तरीही २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४, दहा वर्षांपूर्वीच्या ९१३पेक्षाही कमी. तामिळनाडूत ९४३. पण इथेही नकोशा मुलींसाठी सरकारला १९९२ साली सेलम जिल्ह्यात पाळणे ठेवावे लागले होते. आणि २०११ साली आपल्या साताऱ्यात ‘नकुशा’ नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींचं नाव समारंभ करून बदललं गेलं. काकूला तो समारंभ आठवत होता.

बोलता बोलता अंधार पडला होता. शेजारच्या तमिळ मामी वेखंडाचे तुकडे घेऊन आल्या. बाळासाठी थोडं आणि डब्यात टाकायला थोडं. कडधान्यात वेखंड ठेवायची इकडची जुनी रीत. आपल्याकडे कडुलिंबाचा पाला ठेवतात, दाण्यांना एरंडेल चोळतात. तेलाने दाण्यावरच्या अंड्याचा श्वास कोंडतो आणि अळी आतच मरते. त्याआधी कडक ऊन द्यायला मात्र विसरू नका.

मामी गेल्यावर काकू बराच वेळ गप्प होती. मग ताट खाली ठेवून म्हणाली, ‘‘तुझी ताई झाली तेव्हा सासूबाई सव्वा महिना बघायला आल्या नव्हत्या. मी रोज दाराकडे बघायची. मला वाटायचं, माझ्यातच काही कमी आहे.’’ थोडं थांबून तिने विचारलं, ‘‘म्हणजे तेव्हाही माझा दोष नव्हता?’’

‘‘नव्हता, काकू.’’

ती उठली आणि वहिनीच्या हातातलं ताट काढून घेतलं. ‘‘तू आत जाऊन पड. उद्या दिवसभर बसायचंय. हरभरे सकाळी दुकानातून आणू.’’

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीत धपाधप धपाटे खाल्ले. दुपारी दादाच्या ओळखीच्या एक बाई भेट घेऊन आल्या. पाळण्यात डोकावून म्हणाल्या, ‘‘अगंबाई, या खेपेलाही मुलगीच का?’’

वहिनीने खाली बघितलं. काकूने घुगऱ्यांची वाटी पुढे केली आणि म्हणाली, ‘‘हो, मुलगी. आणि सुनेकडे नका हं बघू, ते बापाकडून येतं. घ्या, गरम आहेत तोवर खा.’’